रेमाने यांचा वक्र आणि खाडीतील सूक्ष्मजीव

खाडीतील जीवसृष्टीवर लिहू लागलेला अभ्यासक बहुधा आडोल्फ रेमाने यांच्या वक्रापासून प्रारंभ करतो. या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९३४ साली बाल्टिक समुद्राच्या आधारे असे प्रतिपादन केले की, गोड्या पाण्याकडून समुद्राकडे जाताना दर हजारी ५ ते ८ भाग क्षारतेच्या पट्ट्यात जातींची संख्या सर्वांत कमी भरते. सिद्धांत डौलदार आहे खरा. पण त्यांच्यापुढे होते ते मुख्यतः तळाशी राहणारे, डोळ्यांना दिसणारे प्राणी. एका जागी खिळलेल्या शिंपल्यावरून पाणी बदलत जाते. प्लवक त्या पाण्याबरोबरच वाहतो, आणि त्याच्या पिढ्या थोड्या दिवसांत, कित्येकदा काही तासांतच पालटतात. दोहोंना एकच माप लावणे युक्त नव्हे.

२०११ साली तेलेश, शूबर्ट व स्कार्लातो यांनी नेमक्या याच पट्ट्यात एकपेशीय प्लवकांच्या जाती सर्वाधिक असल्याचे मांडले. त्याच वर्षी हेर्लेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिकमधील सूक्ष्मजंतूंचे जनुकीय अनुक्रम तपासले. मचूळ पाण्यात विविधता घटलेली त्यांनाही आढळली नाही, केवळ जीवसमूह बदलत गेलेले दिसले. तेलेश प्रभृतींचा निष्कर्ष मात्र जपूनच स्वीकारावा. अनेक वर्षांच्या याद्या एकत्र करून जाती मोजल्या, की जेथे नमुने अधिक तेथे जातीही अधिक दिसू लागतात.

आपल्याकडील अडचण याहून निराळी आहे. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच; तेथील क्षारतेचा उतार बराचसा स्थिर राहतो. मांडवी-झुआरीत पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा मुखाकडे येतो, तर उन्हाळ्यात खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. ‘५ ते ८’चा पट्टा सकाळी ज्या धक्क्याशी सापडला तेथे तो दुपारी असेलच असे नाही. अशा खाडीत महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यांवर रेमाने यांचा वक्र ताणून बसवायचा आणि मधला भाग ‘जीवदरिद्री’ ठरवायचा, ही रीत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जाळीच्या छिद्रांतून निसटलेले सूक्ष्म प्लवक तर अशा मोजणीत आलेलेच नसतात. नमुन्यासोबत भरतीची अवस्था, खोली व त्या क्षणीची क्षारता नोंदलेली नसेल, तर त्या यादीची बाल्टिकशी तुलना करता येणार नाही.