सापळा म्हणायचं की वाट? कनकापूरचा तह आणि महासत्तांची भांडणं

आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, आणि बोलता बोलता आपल्या वाशीमच्या कापडापर्यंत यायचं आहे.

पुस्तक आहे ग्रॅहम ॲलिसन यांचं 'डेस्टिन्ड फॉर वॉर'. २०१७ साली आलं, फार गाजलं. अमेरिका आणि चीन युद्धाच्या दिशेनं चालले आहेत का, हा त्याचा विषय. ॲलिसन म्हणतात, नवी सत्ता वर येऊ लागली आणि जुनी सत्ता घाबरली की दोघीही एका सापळ्यात सापडतात. त्या सापळ्याला त्यांनी ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं नाव दिलं. गेल्या ५०० वर्षांतली १६ उदाहरणं त्यांनी घेतली. १२ वेळा युद्ध झालं, ४ वेळा टळलं.

लेखकाचा हेतू चांगला आहे, हे आधीच सांगतो. युद्ध अटळ आहे असं ते म्हणत नाहीत. माझी तक्रार आहे ती 'सापळा' या शब्दाबद्दल. सापळा म्हटलं की उंदीर आठवतो. उंदराच्या हातात काय असतं? काही नाही. आणि राज्यकर्त्यांना एकदा वाटलं की आपण सापळ्यात आहोत, तर मग 'आपणच आधी वार केलेला बरा' हा विचार फार लांब राहत नाही.

खुद्द थ्युसिडिडीस काय सांगतो? अथेन्स वाढलं, स्पार्टा घाबरलं, म्हणून युद्ध झालं, हे तो म्हणतोच. पण त्याच ग्रंथात तो आणखी एक गोष्ट सांगतो. दोघांमध्ये ३० वर्षांचा तह होता. वाद झाला तर लवादाकडे न्यायचा, असं त्यात कलम होतं. अथेन्सनं लवाद देऊ केला, स्पार्टानं तो झिडकारला. पुढं युद्धात फटके बसले तेव्हा स्पार्टाच्या लोकांना वाटू लागलं की चूक आपलीच होती. आता मला सांगा, सापळ्यात सापडलेल्याला अपराधी वाटतं का? ज्याच्यापुढं दुसरी वाट होती आणि त्यानं ती घेतली नाही, त्यालाच तसं वाटतं.

ही दुसरी वाट कशी असते, ते आपल्याच इतिहासात बघू.

पुण्याचे माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले. नावाला दोघे एकाच छत्रपतींचे सेवक, पण व्यवहारात दोन सत्ता. १७६३ साली जानोजी निजामाच्या बाजूनं होते आणि त्या स्वारीत पुणं जळालं. मग राक्षसभुवनला त्यांनी बाजू बदलली. पुढं माधवराव आणि निजाम एक झाले, तेव्हा पाळी नागपूरची आली. १७६८-६९ मध्ये पेशव्यांची फौज भोसल्यांच्या मुलखात शिरली, तर जानोजी समोरासमोरची लढाई टाळून पुण्याच्या रोखानं निघाले. पुणेकर घरदार सोडून पळू लागले. दोघंही थकले, आणि मार्च १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला.

त्याची कलमं ऐका. जानोजींनी फौज वाढवायची नाही. दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नवाब यांच्याशी परस्पर राजकारण करायचं नाही. निजामाकडे आणि ओडिशात इंग्रजांकडे वकील ठेवता येईल, पण महसुली कामापुरता. औरंगाबादकडचा घासदाणा, म्हणजे दाणावैरणीच्या नावाखाली घ्यायची खंडणी, बंद. उलट बाजूनं पेशव्यांनी काय कबूल केलं? उत्तरेकडे जाणारी फौज नेहमीच्याच वाटेनं जाईल, भलत्या वाटेनं भोसल्यांच्या मुलखात शिरणार नाही. जानोजींच्या भाऊबंदांच्या दाव्यांना पुणं थारा देणार नाही.

यात प्रेम कुठं आहे? विश्वास तरी कुठं आहे? कुठंच नाही. पण प्रत्येक कलम तपासता येतं. फौज कुठल्या वाटेनं गेली, हे वाटेवरचा गुराखीसुद्धा सांगेल. आणि मोठ्यानंही धाकट्याला काहीतरी दिलं, म्हणून धाकट्याला तह पाळण्यात फायदा दिसला. जानोजी १७७२ मध्ये वारले, त्याच वर्षी माधवरावही गेले. तोवर या दोघांची पुन्हा लढाई झाली नाही.

कुणी म्हणेल, सर, हा जुना काळ झाला. बरं, आजचा बघू. १९९१ साली भारत-पाकिस्ताननं करार केला की मोठ्या लष्करी सरावाची आगाऊ सूचना द्यायची. हीच ती 'नेहमीची वाट'. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. २०१९ मध्ये बालाकोट झालं, तरी २०२० च्या १ जानेवारीला याद्या गेल्या आणि आल्या. क्युबाच्या पेचानंतर १९६३ साली मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संपर्काची तार जोडली गेली. त्या पेचावर ॲलिसन यांनीच १९७१ साली मोठं पुस्तक लिहिलं आहे. म्हणून वाटतं, त्यांनी नव्या पुस्तकाला सापळ्याऐवजी त्या तारेचं नाव द्यायला हवं होतं.

पण मी कनकापूरची आरती ओवाळणार नाही. त्याच तहात जानोजींनी पुण्याला दरसाल वाशीम-बाळापूरचं कापड द्यायचं ठरलं. मागावर बसणाऱ्या इथल्या विणकराला कुणी विचारलं होतं? वऱ्हाडात तर निजाम आणि भोसले यांची दोअमली होती. धनी दोन, वसुली दोन, आणि शेतकरी एकच. मोठ्यांचं स्थैर्य बरेचदा असं धाकट्यांच्या पाठीवर उभं असतं.

शिवाय, दोघांत लढाई नाही म्हणजे शांतता आली, असंही नाही. १७९५ साली इमॅन्युएल कांटचा 'चिरंतन शांतते'वरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्या युद्धाची बीजं गुपचूप राखून केलेला तह हा तहच नव्हे, असं त्याचं पहिलंच कलम आहे. आणि त्याच वर्षी पुणं आणि नागपूर खर्ड्याला एकत्र उभे होते, निजामाशी लढायला! कांटच्या कसोटीला कनकापूर उतरत नाही.

मग मी त्याची बाजू का घेतो? कारण कांटची शांतता येईपर्यंत माणसं जिवंत राहायला हवीत. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या शेवटच्या मोठ्या करारातला सहभाग रशियानं २०२३ मध्ये थांबवला, आणि त्याची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. अशा करारांची डागडुजी कोणी तरी सतत करत राहावी लागते. शेताच्या बांधासारखंच आहे हे. शेजाऱ्याशी पटत नसलं तरी बांध दरवर्षी बघावा लागतो. न बघितला तर कोर्टकचेरी होते, आणि कधी कुऱ्हाडीही निघतात, हे वाशीमकरांना मी काय सांगावं!

ॲलिसन यांचं पुस्तक जरूर वाचा. फक्त त्या १२ युद्धांपाशी थांबू नका. जी ४ टळली, त्यांत कोण काय कबूल करत होतं आणि त्याची किंमत कोण मोजत होतं, हे शोधत वाचा.