गणाशिवायचा तमाशा

मराठी माणसाला थट्टेचे वावडे कधीच नव्हते. म्हणून आजच्या करमणुकीत टिंगल फार झाली, अशी तक्रार कानी आली की मला ती अपुरी वाटते. थट्टा पूर्वीही भरपूर होती. तिच्या शेजारी आणखी काय होते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधावे तर सातारा-सांगलीच्या मुलखात. मराठी नाटक आणि तमाशा या दोघांचीही नाळ या मातीशी जुळलेली आहे.

१८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतल्या खेळांत विदूषक सूत्रधाराची थट्टा करी आणि त्याच रंगभूमीवर गणपती-सरस्वतींचे आगमनही होई. तमाशाची बांधणी अशीच: आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. गौळणीतली मावशी प्रत्यक्ष कृष्णाची फजिती करायला कचरत नाही. पण तिने तोंड उघडण्यापूर्वी गण म्हणून झालेला असतो. आपण कशापुढे नम्र आहोत हे एकदा सांगून टाकले, की मग हसायला माणूस मोकळा होतो.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. त्यातला भुजंगनाथ पाऊणशे वयाचा. लग्नाच्या मानाने हे वय काहीच नाही, असे सांगणारे त्या नाटकातले पद म्हणजे उपरोधाचा अस्सल नमुना. प्रेक्षागार हसते, पण पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीविषयीची कळकळ त्या हसण्याखाली सतत वाहत असते. १९२९ च्या बालविवाहबंदीच्या कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव पडले ते खरे म्हणजे हरविलास सारडा यांच्यावरून. तरीही मराठी मनाने त्या नावाचा संबंध देवलांच्या नायिकेशी जोडला. नाटककाराला याहून मोठी पावती कोणती?

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९२० साली जन्मले, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगलीत आहे. आपल्या लोकनाट्यांतून त्यांनी सावकार-जमीनदारांची यथेच्छ टर उडवली. जुन्या गणातला गणपतीही त्यांनी बाजूला ठेवला. पण त्याची जागा रिकामी सोडली नाही. तिथे त्यांनी मातृभूमी आणि श्रमिक आणून बसवले. वंदन कुणाला करायचे हे बदलले, वंदन मात्र राहिले. माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म इथे आहे.

आजच्या विनोदात हे वंदनच गळाले आहे. १९९१ साली आलेल्या ‘माहेरची साडी’चे उदाहरण घ्या. अलका कुबल यांची सोशीक सून पाहून गावोगावच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आज त्या चित्रपटाचे नाव घेतले की चारचौघांत हशा पिकतो. दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांत आणि हातातल्या फोनवर रडकी सून हे टिंगलीचे हुकमी गिऱ्हाईक झाले आहे. तो चित्रपट भडक आहे आणि त्याची करुणा हातोड्याने ठोकून बसवलेली आहे, हे मीही म्हणेन. पण कलाकृतीचा दोष दाखवणे वेगळे आणि तिच्यासमोर रडणाऱ्या बाईला हसणे वेगळे. ती पडद्यावरच्या सुनेसाठी जितकी रडली, तितकीच स्वतःसाठीही रडली असेल.

दुसरी बाजूही खरी आहे. खोट्या कळकळीचा आपल्याकडे सुकाळ आहे. व्यासपीठावरचे गहिवर, मालिकांतले हुकमी अश्रू, जाहिरातीतली माया यांना विटलेला तरुण ‘आपण यांत नाही’ हे दाखवण्यासाठी ओठ मुडपून हसतो. त्याचे विटणे मला समजते. मात्र हे हसणे खऱ्या-खोट्याची निवड करीत नाही. दोघांनाही ते एकाच केरात लोटते. देवलांचा उपरोध भुजंगनाथावर होता, शारदेवर नव्हता.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर सणासुदीला तो मी काढलाही नसता. परंतु हरिपूरच्या कृष्णाकाठी शारदेची कथा रचणारा नाटककार होऊन गेला आणि त्याच कृष्णेच्या काठच्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये गर्भपात केलेले एकोणीस भ्रूण सापडले. स्त्रीभ्रूणहत्येच्या त्या प्रकरणाने देश हादरला. मुलगी नको असणे अजून संपलेले नाही. हे कुणीतरी रंगभूमीवरून, पडद्यावरून सांगायला हवे आणि ते डोळा मिचकावत सांगता येत नाही. सांगणाऱ्याला स्वतःचे हसे होण्याचा धोका पत्करावाच लागतो. देवलांनी तो पत्करला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतनदारीची प्रतिष्ठा सोडून फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, तेव्हा त्यांनीही तो पत्करला होता.

म्हणून माझे मागणे विनोद कमी करा असे नाही. मावशी हवी, सोंगाड्या हवा, त्यांनी सगळ्यांची खोड मोडायला हवी. फक्त फड उभा राहिला की प्रथम गण होऊ द्या. तो गणपतीचा असो, मातीचा असो, की शारदेसारख्या एखाद्या पोरीचा असो.