समाजशास्त्रातील स्पष्टीकरणाचे स्तर : ठाणे-कल्याण लोकल प्रवासाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सामाजिक रचना, संस्कृती, सत्ता, विषमता, सामाजीकरण व परिवर्तन ही समाजशास्त्राची मध्यवर्ती आशयसूत्रे पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकविली जातात. त्यांच्याच जोडीने सूक्ष्म, मध्यम व स्थूल असे स्पष्टीकरणाचे तीन स्तर सांगितले जातात. व्यक्तींमधील आंतरक्रिया हा पहिला स्तर, समूह व संघटना हा दुसरा, तर अर्थव्यवस्था, राज्यसंस्था, जात, वर्ग यांसारख्या व्यापक रचना हा तिसरा स्तर होय. ही विभागणी अध्यापनास सोयीची आहे. मात्र वर्गात तिला बहुधा इमारतीच्या मजल्यांचे रूप येते. प्रत्येक मजल्यावर वेगळा विचारवंत व वेगळी व्याख्या असते, परंतु मजल्यांना जोडणारा जिना दाखविला जात नाही. स्तरांमधील दुवा हाच समाजशास्त्रीय स्पष्टीकरणाचा गाभा असून तो वगळल्यास शास्त्रीय उणीव राहतेच, शिवाय सामाजिक जबाबदारीचे वाटपही चुकते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक घटना व तीन स्पष्टीकरणे

दि. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांतील प्रवासी रुळांवर पडले. त्या दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर झालेल्या सार्वजनिक चर्चेत तीन प्रकारची स्पष्टीकरणे पुढे आली. पहिल्याचा रोख प्रवाशांवर होता. ते पायदानावर लटकत होते व पाठीवरील पिशव्या एकमेकांना घासल्या, असे त्याचे स्वरूप होते. दुसऱ्याचा रोख यंत्रणेवर होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वे पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील कथित निष्काळजीपणाबद्दल दोन अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदविला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्याचा निषेध केला. तिसऱ्या स्पष्टीकरणाने महानगराच्या वाढीकडे बोट दाखविले. अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ८१ लाखांवरून २०११ मध्ये सुमारे १ कोटी १० लाखांवर गेली. २०११ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातच सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. घरे या पट्ट्यात वाढली. नोकऱ्यांचा मोठा भाग मात्र मुंबईतच राहिला.

ही तीन स्पष्टीकरणे म्हणजे पाठ्यपुस्तकातील तीन स्तरच होत. यांपैकी कोणतेही निराधार म्हणून बाजूला सारता येत नाही. परंतु एकटे घेतल्यास प्रत्येक अपुरे ठरते. दारात उभे राहणे ही व्यक्तीची निवड मानली, तर तीच निवड हजारो व्यक्ती रोज ठराविक वेळी व ठराविक स्थानकांवर का करतात, याचे उत्तर मिळत नाही. एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत वैयक्तिक कृतीच्या प्रमाणातील सातत्य दाखवून नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता. याउलट, सर्व दोष महानगराच्या रचनेवर टाकला तर कोणीच उत्तरदायी उरत नाही. रचना न्यायालयात उभी राहत नाही. सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये खाजगी अडचणी व सार्वजनिक प्रश्न यांतील नाते स्पष्ट केले. त्याचा आधार आपण वारंवार घेतो. परंतु एकाचे दुसऱ्यात रूपांतर कोणत्या प्रक्रियेने होते, हे प्रत्येक उदाहरणात नव्याने शोधावे लागते.

दुव्याचा शोध

या मार्गावरील प्रवाशांना परिचित असलेल्या एका व्यवहारात हा दुवा सापडतो. मुंबईकडे जाणारे डोंबिवलीचे काही प्रवासी प्रथम उलट दिशेने कल्याणला जातात आणि तेथे जागा पकडून त्याच गाडीने परत येतात. मॅक्स वेबर यांच्या आकलनपद्धतीने पाहिल्यास ही कृती पूर्णतः सुसंगत आहे. तासाभराचा प्रवास बसून व्हावा व कार्यालयात लेटमार्क लागू नये, हा तिचा अर्थ होय. परंतु अशा अनेक कृतींची बेरीज होऊन गाडी डोंबिवलीस भरलेलीच येते. तेथे व पुढे दिवा, मुंब्रा येथे चढणाऱ्यांच्या वाट्याला दार येते. रोज एकाच डब्यातून जाणारे प्रवासी गट जागा आपसांत राखतात. त्यामुळे नवख्यास आत सरकणे अधिक कठीण होते. येथे कोणाचाही हेतू दुसऱ्यास धोक्यात घालण्याचा नसतो. हेतुपूर्ण कृतीच्या अनपेक्षित परिणामांची जी संकल्पना रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये मांडली, तिचे हे रोजचे उदाहरण आहे.

ही व्यवहारनीती सर्वांना सारखी उपलब्ध नाही, ही बाबही महत्त्वाची आहे. पहाटे स्वयंपाक व मुलांची शाळा सांभाळून निघणाऱ्या स्त्रीस उलट प्रवासासाठी जादा वेळ काढणे अवघड असते. वातानुकूलित लोकलची दारे बंद होतात. पण तिचे भाडे प्रत्येकास परवडत नाही. म्हणजे लिंगभाव व वर्ग ही आशयसूत्रे केवळ स्थूल स्तरावर वावरत नाहीत. दारात कोण उभे राहील, हे ठरविण्यात त्यांचा हात असतो. दुसरीकडे, ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्णत्वास गेली, तसेच कार्यालयांच्या वेळा बहुतांशी एकाच सुमारास ठेवल्या जातात. अशा संघटनात्मक निर्णयांतूनच स्थूल रचना प्रवाशाच्या सकाळपर्यंत पोहोचते.

आपल्याच परंपरेतील वस्तुपाठ

स्तर जोडण्याची ही रीत केवळ जेम्स कोलमन यांच्या १९९० मधील ग्रंथातून शिकावी लागते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर वाचलेला निबंध हा तिचा उत्तम वस्तुपाठ आहे. जात ही एखाद्या स्मृतिकाराने लादली, हे स्पष्टीकरण त्यांनी नाकारले. अंतर्विवाह हे जातीचे मूळ वैशिष्ट्य मानून, समूहातील स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा कशा उपयोगी पडल्या, हे त्यांनी दाखविले. पुढे वरिष्ठ वर्गाच्या अनुकरणातून ही बंदिस्तता इतर समूहांत कशी पसरली, याचीही त्यांनी मांडणी केली. व्यापक रचना, समूहाची अडचण आणि व्यक्तींचे अनुकरण हे तिन्ही स्तर येथे एकाच युक्तिवादात गुंफले आहेत. हा निबंध आपल्याकडे प्रायः ‘भारतीय समाज’ या विषयपत्रिकेत वाचला जातो. त्याचे स्थान समाजशास्त्रीय सिद्धांताच्या विषयपत्रिकेतही असावयास हवे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्पष्टीकरणाचे स्तर हे पर्याय नसून एकाच युक्तिवादाच्या पायऱ्या आहेत. दोन, स्तर निवडणे ही तटस्थ कृती नाही. ज्या स्तरावर आपण थांबतो, त्या स्तरावर दोष ठेवून मोकळे होतो. म्हणून तीन स्तरांची लक्षणे लिहा, या प्रश्नाऐवजी एका स्थानिक घटनेचे स्पष्टीकरण एका स्तरावरून दुसऱ्यावर कसे नेता येईल, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक उचित ठरेल. ठाणे-कल्याण पट्ट्यातील आपले अनेक विद्यार्थी रोज याच गाड्यांनी महाविद्यालयात येतात. उशीर झालेल्या विद्यार्थ्यास केवळ बेशिस्त ठरविणे हेही एका स्तरावर थांबणेच होय, याची जाणीव अध्यापकांनी ठेवणे अगत्याचे आहे.