धरणामागची वसाहत

कोयनानगरवर लिहिणारे बहुतेक जण धरणापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. १०३ मीटर उंची, शिवसागर, वीज, झाले. ज्या वसाहतीने हे काम केले, ती तळटीपेतही नसते.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. धरणाच्या वरच्या भागात तडे गेले, पण ते टिकले. पडली ती घरे. ओबडधोबड दगडांच्या जड भिंती गाढ झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे हा तोवरचा समज त्या पहाटे मोडला आणि कोयनेचे नाव जगभरच्या भूकंपशास्त्रात गेले. जलाशयामुळे भूकंप होतो का, यावर लेखांचा ढीग आहे. तड्यांची मोजमापे मिळतात, भिंतींमागच्या माणसांची नाहीत.

मला ही उणीव अभ्यासकांच्या नजरेची वाटते. मजूर कोणत्या गावांतून आले, काम संपल्यावर कोण राहिले, नवी घरे कोणाला मिळाली, हे विचारायला भूगर्भशास्त्र लागत नाही. चिपळूणच्या वाटेवर नेहरू उद्यान पाहायला थांबणाऱ्यांनी मागच्या वसाहतीतही एक चक्कर मारावी. पहिल्या पिढीतले बोलणारे आता थोडेच उरले असतील.