संतकथांतली झाडे आणि पनवेलचे डोंगर

जुलै महिना आला की आपल्या शाळांमध्ये वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. जागा निवडण्याचा निकष बहुधा एकच असतो: जिथे झाडे दिसत नाहीत ती जागा. तिथे पूर्वी जंगल होते आणि ते माणसाने तोडले, हे आपण न तपासताच धरून चालतो. पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांपुरते हे गृहीतक तपासणारा एक शोधनिबंध २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील हे त्याचे लेखक. विज्ञान शिकवणाऱ्याने आणि मराठी शिकवणाऱ्यानेही त्याची दखल घ्यावी, असे त्यात बरेच काही आहे.

लेखकांची युक्ती साधी आहे. जुनी परिसंस्था कशी होती हे सांगणारी छायाचित्रे किंवा नकाशे फार तर दोनशे वर्षे मागे नेतात. पण मराठी वाङ्मय तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. संतांची चरित्रे, क्षेत्रांच्या कथा, गीते यांत झाडांची नावे येतात आणि ती अनेकदा ठरावीक गावाशी जोडलेली असतात. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेचा देह पुरला तिथे तरटीचे झाड उगवले, ही कथा आपल्याला ठाऊक असते. तरटी हे कोरड्या, उघड्या माळावरचे काटेरी झाड आहे, हे मात्र कथा ऐकताना आपल्या ध्यानात येत नाही. लेखकांनी अशा २८ कथा-गीतांतून ४४ रानवनस्पती ओळखल्या. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माळरानाशी निगडित निघाल्या. खास जंगलातल्या म्हणाव्यात अशा अगदी थोड्या होत्या. निष्कर्ष असा की ही माळराने किमान ७५० वर्षांपासून माळरानेच आहेत. ब्रिटिश काळातल्या जंगलतोडीतून ती जन्मलेली नाहीत.

या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. सरकारी नोंदींत माळरानाची गणना पुष्कळदा ‘पडीक जमीन’ म्हणून होते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे पुण्याचे ठरते. पण दाट लागवडीने गवत सावलीखाली मरते आणि गवतावर जगणारे जीव हटतात. माळढोकाला झाडांची गर्दी नको असते, मोकळा माळ हवा असतो. म्हणजे चांगल्या हेतूने लावलेले रोपही चुकीच्या जागी घातक ठरू शकते.

तरीही निबंधाच्या मर्यादा नीट पाहायला हव्यात. पहिली मर्यादा पुराव्याच्या जातीची. कथेत झाड आले म्हणजे ते तिथे असावे, एवढे म्हणता येते. जे आले नाही ते नव्हते, असे म्हणता येत नाही. कथाकार पूजेतले, औषधातले, चमत्कारातले झाड सांगतो. तो काही वनस्पतींची मोजदाद करत नसतो. शिवाय एकच नाव वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पतींना असते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. ७५० वर्षे ही मुदत इंग्रजांना दोषमुक्त करते, माणसाला नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाने दाखवले, की या भागात शेती आणि गुरे तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. मग कुऱ्हाड, वणवा आणि चराई यांनी तेराव्या शतकाआधीच जंगल संपवले नसेल कशावरून? या प्रश्नाला ओवी उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी गाळात सापडणारे गवताचे परागकण, प्राण्यांचे जीवाश्म आणि गवताळ प्रदेशातल्या वनस्पतींची उत्क्रांती यांकडे जावे लागते. लेखकांना याची जाणीव आहे. ते वाङ्मयाचा पुरावा एकटा उभा करत नाहीत, या इतर पुराव्यांच्या शेजारी ठेवतात. निबंधाचे खरे बळ या जुळणीत आहे. बातम्यांतून मात्र नुसती ‘७५० वर्षे’ तेवढी लक्षात राहतात.

तिसरी गोष्ट आपल्या पनवेलकरांसाठी. हा निबंध घाटावरच्या पर्जन्यछायेतल्या प्रदेशाबद्दल आहे. तो वाचून कोणी म्हणेल, आपले पावसाळ्यात हिरवे आणि फेब्रुवारीत पिवळे दिसणारे डोंगरउतारही मूळचे गवताळच असतील. तसे म्हणता येणार नाही. तिथे पाऊस सहा-सातशे मिलिमीटर पडतो, इथे त्याच्या चौपट. कर्नाळ्याचे अभयारण्य पाहा. १९६८ पासून राखलेल्या त्या डोंगरावर दाट पानझडी जंगल आहे. त्याच पावसात बाहेरचे अनेक उतार उघडे आहेत. फरक हवामानाचा नाही. राबासाठी खांडलेल्या फांद्या, कोळसा, लाकूड आणि दरवर्षीचे वणवे यांचा तो असावा. दोन उतारांवरचे गवत सारखे दिसले तरी त्यांचा भूतकाळ सारखा असेलच असे नाही. उलट कोकणातला प्रत्येक उघडा भाग तोडीतूनच आला, असेही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे निसर्गतःच उघडे आहेत.

आणि पनवेलची खाडी? बांध घालून खाजणाची भातशेते झाली. जिथे बांध फुटले आणि खारे पाणी आत आले, तिथे पुन्हा खारफुटी आली. आजोबांना तिथे भात आठवते, नातवाला खारफुटी. ‘पूर्वीचे’ म्हणजे यांतले कोणते? प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा निसर्ग मूळ समजते, हा धोका डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली माशांच्या संदर्भात दाखवला होता. भूतकाळ आपल्याला शक्यता दाखवतो. त्यांतली कोणती निवडायची, हे आजच्या गरजा पाहून आपणच ठरवायचे असते.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांनी गावांच्या नावांतली झाडे शोधावीत. पळस्पे, चिंचवण, आपटा ही नावे जवळचीच आहेत. मग प्रत्येक नावाला उलटतपासणीचे प्रश्न विचारावेत. नाव खरोखर झाडावरूनच पडले का? झाड आजही आहे का? ते इथलेच आहे का? चिंच मूळची आफ्रिकेतली, पण शेकडो वर्षांत ती आपली झाली, हे कळल्यावर ‘देशी’ या शब्दाचीही चर्चा होईल. जुन्या नोंदींसाठी १८८२चे गॅझेटियर पाहावे. मात्र ते कुलाबा जिल्ह्याचे नव्हे, तर ठाणे जिल्ह्याचे, कारण तेव्हा पनवेल ठाण्यात होते. उत्तर कोकणासाठी महिकावतीची बखरही आहे. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि त्यांची उत्तरे नोंदींशी ताडून पाहावीत.

एवढे केल्यावर जुलैत खड्डा खणायचा की नाही, आणि खणला तर त्यात काय लावायचे, हे मुलेच सांगतील.