प्रयोजनमूलक युक्तिवाद
विश्वातील हेतुपूर्ण रचनेवरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारा युक्तिवाद. विल्यम पेली (१७४३–१८०५) ह्या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने नॅचरल थिऑलॉजी (१८०२) ह्या ग्रंथात तो घड्याळाच्या दृष्टांताने मांडला. माळावर सापडलेल्या घड्याळावरून ते घडविणाऱ्याचे अनुमान आपण करतो. मग डोळ्यासारख्या सूक्ष्म रचनेवरून निर्मात्याचे अनुमान का करू नये, असे तो विचारतो.

न्यायदर्शनातील घट व कुंभकार ह्यांच्या दृष्टांतावर आधारलेले अनुमान ह्याच्याशी जुळते. मात्र त्याचा भर प्रयोजनापेक्षा कार्यत्वावर आहे. केवळ मातीला आकार आहे एवढ्यावरून कर्ता मानल्यास वारूळही कुंभाराचेच ठरेल, असा आक्षेप बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्ती ह्याने घेतला.

डेव्हिड ह्यूमच्या १७७९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथातील आक्षेप असे : विश्व एकमेव असल्याने मानवनिर्मित वस्तूंशी त्याची तुलना दुर्बल ठरते, ती मान्य केली, तरी निर्माता एकच, अनंत व सर्वथा मंगल आहे, हे सिद्ध होत नाही. कांटच्या मते ह्या युक्तिवादाने फार तर विश्वाचा शिल्पकार सिद्ध होईल, स्रष्टा नव्हे.

तथापि डोळ्याच्या रचनेचे समाधानकारक पर्यायी स्पष्टीकरण ह्यूमजवळ नव्हते. ते डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताने (१८५९) पुरविले. त्याने निर्माता नाही असे सिद्ध होत नाही; परंतु जीवांच्या रचनेसाठी तो गृहीत धरण्याची आवश्यकता उरत नाही. आधुनिक समर्थक भौतिक स्थिरांकांच्या जीवनानुकूल मूल्यांचा आधार घेतात; पण तुलनेस दुसरे विश्व नसल्याने ह्यूमचा आक्षेप तेथेही लागू पडतो.