माहितीपटातील ध्वनिपातळी व रंगसंतुलन : शोधन आणि पूरण

माहितीपटाच्या संकलनात ध्वनिपातळी सुधारणे व रंगसंतुलन साधणे ही कामे तंत्रज्ञाची मानली जातात; समीक्षक त्यांकडे सहसा वळत नाही. परंतु ज्या चित्रपटास पुराव्याचे मोल आहे, त्यात आवाज किती चढवावा व छटा कोणती धरावी हे निर्णय वस्तुतः अर्थनिर्णयच असतात. पीटर जॅक्सन यांच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) या माहितीपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धाचे, लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहातील मूक व कृष्णधवल चित्रण येथे रंगविले आहे. निवेदक नाही; त्याच्या जागी सैनिकांनी पुढे उतारवयात दिलेल्या मुलाखतींचे आवाज आहेत. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्याची गती सेकंदास सुमारे १३ ते १८ चित्रे अशी कमीअधिक असे. ती २४ वर आणून समान केली आहे. अतिकाळवंडलेल्या वा फिकटलेल्या फितींतील प्रकाशछायाही समतोल केल्या आहेत. या कामाचे मोल निःसंशय मोठे आहे. धावरी, हास्यास्पद वाटणारी ती माणसे प्रथमच माणसांसारखी चालतात, आणि काळोखात बुडालेले चेहरे ओळखू येतात. जे फितीत होतेच ते येथे वर आले. याला शोधन म्हणावयास हरकत नाही.

रंग आणि उच्चार यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या काळच्या बहुतेक फिती तांबड्या रंगास जवळजवळ आंधळ्या व निळ्यास अतितीव्र असत. तांबडे व गडद तपकिरी दोन्ही काळपट उमटत. आकाश पांढरे पडे. तेव्हा एका करड्या छटेमागे अनेक रंग संभवतात. रंगीत चित्रणात दिव्याचा पिवळेपणा (सुमारे ३२०० केल्व्हिन) किंवा दिवसाच्या प्रकाशाचा निळेपणा (सुमारे ५६००) एखादी पांढरी वस्तू आधारास घेऊन काढता येतो. येथे तो आधारच नाही. गणवेशाच्या खाकीला जपून ठेवलेल्या गणवेशांचा पुरावा आहे, गालावरील लालीला तो नाही. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच ठामपणे येतात.

ओठांचेही तसेच. सैनिक काय बोलत आहेत हे ओष्ठवाचकांकडून ठरवून घेऊन, त्या त्या पलटणीच्या प्रांतातील नटांकडून ते वदविले आहे. बोलीविषयीची ही दक्षता भाषाभ्यासकास सुखावणारी आहे. परंतु प, ब, म यांची ओठांची ठेवण एकच असते, आणि क व ग तर ओठांवर दिसतच नाहीत. स्पर्शवर्णाचा अवरोध एकदशांश सेकंदाच्या आसपास टिकतो. सेकंदास सोळा चित्रे घेणाऱ्या फितीत त्याच्या वाट्यास एक-दोनच चित्रे येतात. स्वराघात, चढउतार, आवाजाचा मोठेपणा यांचा ओठांवरून जेमतेम तर्कच करता येतो. ती सर्व संकलकाची निर्मिती होय. हे पूरण आहे.

पूरण करू नये असे माझे म्हणणे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (१९१९–१९६६), तेव्हा जो पाठ कमी निश्चित वाटला त्याखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकाचा ओघ त्याने तुटत नाही, पण तो सावध होतो. या माहितीपटात अशी रेघ कोठेच नाही. साक्षीदाराचा खरा आवाज, नटाचा आवाज आणि आजच्या काळात तयार केलेला तोफांचा गडगडाट हे एकाच अवकाशात, परस्परांशी जुळवून ऐकविले जातात. साक्षींचेही आवाज एकमेकांत इतके मिसळतात की कोण बोलतो आहे हे कळत नाही; नावे अखेरच्या श्रेयनामावलीत आहेत. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली कार्यक्रमाच्या सरासरी तीव्रतेसाठी उणे २३ एककांचे प्रमाण घालून दिले. एका कार्यक्रमाचा आवाज दुसऱ्याशी जुळावा एवढ्यापुरते ते उपयोगी आहे. कोणता आवाज साक्षीचा व कोणता पूरणाचा, हे त्यावरून ठरत नाही. पातळीतील थोडासा भेद राखला असता तरी श्रोत्यास ती सूचना मिळाली असती.

आपल्या विभागात बोलींच्या चित्रफिती तयार होतात, म्हणून हा प्रश्न दूरचा नाही. दूरध्वनीच्या कॅमेऱ्यातील स्वयंचलित पातळी-नियंत्रण वक्ता थांबताच पार्श्वध्वनी चढविते. मग विद्यार्थी गोंगाट काढणारी प्रणाली लावतात. ही प्रणाली गोंगाटाचा नमुना घेऊन तो सर्वत्र वजा करते, आणि महाप्राणाचा श्वास ध्वनिशास्त्रदृष्ट्या गोंगाटाचाच भाऊ. मध्यंतरी अशी एक ‘स्वच्छ’ फीत माझ्यापुढे आली. वक्ती ‘दूद’ म्हणते असे तीवरून विद्यार्थ्याने टिपले होते. पदान्ती महाप्राण गळणे मराठीत सर्रास आढळते, त्यामुळे कोणासही शंका आली नाही. मूळ फीत सुदैवाने पुसलेली नव्हती. पंख्याची घरघर असूनही तीत ‘दूध’ ऐकू येते.